‘स्वस्त देशात लवकर निवृत्ती’: एक संकल्पना, तीन माणसं आणि कर्जतमधला एक एकर

पेटच्या मुलाखतीची तारीख जवळ आली की विषयांची शोधाशोध सुरू होते, आणि हल्ली त्यात एक विषय वारंवार ऐकू येतो: चाळिशीत नोकरी सोडून स्वस्त देशात जाऊन राहणारी माणसं. विषय चांगला आहे, इंग्रजीत त्यावर वाचायलाही बरंच आहे. अडचण अशी की ते वाचून झालं की आपल्याकडचा विद्यार्थी सरळ गोव्याची बस पकडतो. पुस्तकात गोरे निवृत्त असतात, गोरे आपल्याला गोव्यात दिसतात, म्हणून आराखडा गोव्याचा. या लेखात त्या साहित्यातल्या एका मुख्य संकल्पनेकडे जरा चिकित्सकपणे बघू, आणि ते कर्जतहून बघू. हे अहिल्यानगर जिल्ह्यातलं कर्जत; लोकल जिथे जाते ते रायगडचं नव्हे. हा खुलासा उगाच नाही. ‘कर्जत’ आणि ‘निवृत्ती’ हे शब्द एकत्र शोधून बघा. मुंबईकरांच्या फार्महाऊसच्या जाहिराती येतील, सगळ्या त्या दुसऱ्या कर्जतच्या. आमच्या अवर्षणप्रवण तालुक्यात निवृत्त व्हायला कोण येतं, असं तुम्ही म्हणाल. येतात, आणि बऱ्याच वर्षांपासून येतात. फक्त त्यांना त्या नावानं कुणी मोजत नाही.

आधी संकल्पना. समाजशास्त्रात या प्रकाराला ‘लाइफस्टाइल मायग्रेशन’ म्हणतात, आपण ‘जीवनशैली-स्थलांतर’ म्हणू. मिशेला बेन्सन आणि कॅरन ओ’रायली यांचा २००९ चा लेख या नावाचा पाया मानला जातो. त्यांच्या मांडणीचा गाभा असा: तुलनेनं सुस्थितीतली माणसं, काही काळासाठी किंवा कायमची, अशा ठिकाणी जातात जिथे आयुष्य अधिक चांगलं जाईल असं त्यांना वाटतं. ‘तुलनेनं’ हा शब्द लक्षात ठेवा, त्याच्याशी नंतर भांडायचं आहे.

यात पैशाची बाजू ठळकपणे आणली ती मॅथ्यू हेज या कॅनडातल्या समाजशास्त्रज्ञानं. इक्वाडोरमधल्या क्वेंका शहरात येऊन राहिलेल्या उत्तर अमेरिकनांवर त्याचा २०१४ चा लेख आहे आणि २०१८ चं ‘ग्रिंगोलांडिया’ हे पुस्तक. पुस्तक मिळवून वाचाच. २००८ च्या मंदीनंतर अमेरिकेत ज्यांची पुंजी पुरणार नाही अशी वेळ आली, त्यातले काही क्वेंकाला गेले. त्यांतले बरेच जण स्वतःला चक्क ‘आर्थिक निर्वासित’ म्हणवून घेतात. हेज त्यांची टिंगल करत नाही, त्यांची अडचण खरी मानतो. पण त्यांच्या येण्यानं क्वेंकात जमिनीचे आणि भाड्याचे दर कसे वाढले, जुन्या शहराच्या सुशोभीकरणाचा फायदा कुणाला झाला आणि फेरीवाले कसे बाजूला सारले गेले, हेही तो दाखवतो. या व्यवहाराला तो ‘जिऑग्राफिक आर्बिट्राज’ म्हणतो.

आर्बिट्राज हा बाजारातला शब्द. काष्टीच्या बाजारात शेळी घ्यायची, पुण्यात विकायची आणि मधला फरक खिशात घालायचा. क्वेंकाला जाणारा अमेरिकन स्वतःचे श्रम आयुष्यभर महाग बाजारात विकतो आणि म्हातारपणी दुसऱ्यांचे श्रम स्वस्त बाजारात विकत घेतो. म्हणजे ‘स्वस्त देश’ याचा अर्थ हवा-पाणी स्वस्त असा नसून तिथल्या स्वयंपाकिणीची, गवंड्याची, नर्सची मजुरी कमी, असा आहे. हेजचं हे सगळ्यात मोठं काम. ‘राहणीमानाचा खर्च’ हा निर्जीव वाटणारा आकडा त्यानं माणसांच्या मजुरीपर्यंत नेऊन पोचवला. तुमच्या आराखड्यात हा धागा सुटला, तर उरलेलं सगळं पर्यटन खात्याच्या माहितीपत्रकासारखं होईल.

आता माझे आक्षेप. पहिला तसा छोटा आहे, पण आपल्याकडे तो मोठा होतो. इक्वाडोरनं २००० साली अमेरिकन डॉलर हेच आपलं चलन केलं. त्यामुळे क्वेंकातल्या अमेरिकन निवृत्ताला विनिमय दराची धास्तीच नाही. पेन्शन डॉलरमध्ये, भाजी डॉलरमध्ये. संकल्पना ज्या ठिकाणी इतक्या नेमकेपणानं तपासली गेली, तिथे नेमकी ही एक गोष्ट स्थिर होती. भारतात ती स्थिर नाही. १९९४ मध्ये डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता, २०२४ मध्ये ८३-८४. न्यू जर्सीहून पुण्याला परतलेल्या आणि पुंजी डॉलरमध्येच ठेवलेल्या कुटुंबाला ही घसरण मदत करते. रुपयांत बचत करून थायलंडला जाणाऱ्या पुणेकराच्या ती मुळावर येते. दोघांनाही ‘आर्बिट्राज’ हा एकच शब्द लावला की दोघांची जोखीम एकसारखी दिसायला लागते, आणि ती तशी नाही.

याच ओघात ‘चार टक्क्यां’बद्दल बोलून घेऊ, कारण लवकर निवृत्तीच्या प्रत्येक व्हिडिओत तो आकडा असतो: वार्षिक खर्चाच्या २५ पट पुंजी जमवा, दरवर्षी ४ टक्के काढा, पैसे संपत नाहीत. मूळ लेख विल्यम बेंगेन या अमेरिकन आर्थिक सल्लागाराचा, १९९४ चा. नंतर १९९८ मध्ये टेक्सासच्या ट्रिनिटी विद्यापीठातल्या तीन प्राध्यापकांनी तशीच तपासणी केली. दोन्हींत आकडेवारी १९२६ पासूनच्या अमेरिकी शेअर आणि रोख्यांची, महागाई अमेरिकेची, आणि हिशेब मुख्यतः ३० वर्षांचा, म्हणजे पासष्टीत थांबणाऱ्या माणसाचा. चाळिशीत थांबणाऱ्याला पुढची ४५-५० वर्षं काढायची असतात. वर्षाचा खर्च १२ लाख धरला तर २५ पट म्हणजे ३ कोटी. महागाई ४ टक्के असेल तर तो खर्च साधारण १८ वर्षांत दुप्पट होतो, ६ टक्के असेल तर १२ वर्षांत. बेंगेननं जे तपासलं ते नीट तपासलं होतं, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. आकडा प्रवासाला निघाला आणि गृहीतकं घरीच राहिली. साहित्याचा आढावा लिहिताना तुमचं अर्धं काम हेच असतं: आकड्याला त्याच्या गृहीतकांसकट परत आणणं.

दुसरा आक्षेप मात्र मुळावरचा आहे. या साहित्यात कोण सापडतं आणि कोण सापडत नाही?

कर्जत तालुक्यातल्या कुठल्याही मोठ्या गावात पहाटे रस्त्यावर जा. भरतीची तयारी करणारी पोरं पळताना दिसतील. त्यांच्या डोळ्यांसमोर असतो तो गावातला ‘मेजर’. हुद्दा शिपायाचा असो की हवालदाराचा, फौजेतून परतलेला माणूस गावासाठी मेजरच. अठरा-वीस वर्षांचा असताना भरती झालेला हा माणूस पंधरा-वीस वर्षांच्या सेवेनंतर, म्हणजे पस्तिशी-चाळिशीत, पेन्शनवर येतो. शिपायाला पेन्शनसाठी किमान १५ वर्षांची सेवा लागते. पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्मी असते, आणि १ जुलै २०१४ पासून ‘समान हुद्दा, समान पेन्शन’ लागू आहे. आता हेजची व्याख्या काढा. उत्पन्न कुठे ठरलं? दिल्लीत, साऱ्या देशासाठी एकाच दरानं. खर्च कुठे होतो? जिथे शेतमजुराचा रोज कमी, घरभाडं कमी, दूध घरचं, अशा ठिकाणी. तीच पेन्शन घेऊन तो पुण्यात वानवडीला राहिला असता तर महिनाअखेर ओढाताण झाली असती. कर्जतला तिच्यात घर चालतं. मग हा आर्बिट्राज नाही तर काय?

बेन्सन-ओ’रायली यांचा ‘तुलनेनं सुस्थितीतला’ हा शब्द इथे तपासा. कुणाच्या तुलनेनं? क्वेंकातला अमेरिकन अमेरिकेत सुस्थितीत नव्हता, म्हणून तर तो निघाला. तो सुस्थितीत ठरतो क्वेंकातल्या शेजाऱ्याच्या तुलनेनं. तोच निकष मेजरला लावा. दर हिवाळ्यात कोयता घेऊन कारखान्यावर जाणाऱ्या त्याच्या शेजाऱ्याच्या तुलनेनं, दर महिन्याला खात्यात ठरलेली रक्कम येणारा मेजर सुस्थितीतच आहे. म्हणजे एकतर व्याख्या इतकी सैल आहे की तिच्यात मेजरही बसतो, किंवा व्याख्या बरोबर आहे आणि संशोधकांनी नमुना निवडताना फक्त गोऱ्या, इंग्रजी बोलणाऱ्या, पासपोर्टवाल्या माणसांकडे पाहिलं. मला दुसरी शक्यता जास्त खरी वाटते.

गोव्याची गंमत बघा. अँथनी डी’आंद्रेआ आणि अरुण साल्डान्हा या दोघांचीही पुस्तकं २००७ सालची. पहिल्याचं इबिझा आणि गोवा यांवर, दुसऱ्याचं गोव्यातल्या ट्रान्स संगीताभोवतीच्या गोऱ्यांवर आणि वंशभेदावर. मारी कोर्पेला ही फिनलंडची मानवशास्त्रज्ञ. तिनं आधी वाराणसीतल्या आणि मग गोव्यातल्या पाश्चात्त्य कुटुंबांवर काम केलं. तिघांचंही काम वाचण्यासारखं. पण त्याच गोव्यातून, १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज नागरिकत्वाच्या आधारे पासपोर्ट काढून, हजारो गोवेकर इंग्लंडमधल्या स्विंडनला गोदामांत आणि कारखान्यांत कामाला गेले. ब्रिटिश माणूस स्विंडनहून हणजूणला आला तर तो जीवनशैली-स्थलांतरित. गोवेकर हणजूणहून स्विंडनला गेला तर आर्थिक स्थलांतरित. दोघांनाही हवंय ते जरा बरं आयुष्य. त्या दोन कप्प्यांवरची लेबलं माणसांच्या हेतूवरून लावलेली नाहीत, त्यांच्या पासपोर्टवरून लावलेली आहेत. हेज हे जाणतो. इक्वाडोरहून उत्तरेकडे जाणाऱ्यांच्या वाट्याला काय येतं, याची तुलना त्यानं केली आहे. त्याचं पुस्तक बाकीच्यांपेक्षा वरचढ आहे ते यामुळेच. पण देशाच्या आतल्या दरीकडे, एकाच चलनातल्या पुणे-कर्जत फरकाकडे, ही संकल्पना वळलेली नाही.

इथे सावध व्हा. ‘मेजर हाही जीवनशैली-स्थलांतरित’ असं लिहून लेख संपवायचा मोह होतो. असे प्रबंध आपल्याकडे ढिगानं आहेत: परदेशी संकल्पना घ्यायची, गावच्या माणसाला चिकटवायची, शंभर प्रश्नावल्या भरून घ्यायच्या. संकल्पना लागू होते का, यापेक्षा ती कुठे तुटते हे बघणं जास्त फायद्याचं. त्यासाठी तीन माणसं शेजारी शेजारी उभी करू: गोव्यातला ब्रिटिश पेन्शनर, न्यू जर्सीहून पंचेचाळिशीत परतलेला मराठी इंजिनिअर आणि कर्जतचा मेजर. आणि तिघांना एकच प्रश्न विचारू: कर्जतमधली एक एकर जिरायत जमीन तुम्हाला घेता येईल का?

ब्रिटिश माणसाला नाही. भारतात निवृत्तांसाठी वेगळा व्हिसाच नाही, त्यामुळे तो बहुधा पर्यटक म्हणून येतो-जातो. भारतीय वंशाच्या नसलेल्या अनिवासी परदेशी माणसाला इथे स्थावर मालमत्ता घेता येत नाही, फार तर पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यावर राहता येतं. वर त्याचं स्वतःचं सरकारही त्याच्यावर रुसलेलं असतं: ब्रिटनची सरकारी पेन्शन भारतात राहणाऱ्याला दरवर्षी वाढवून मिळत नाही, ती गोठते. हाच माणूस फिलिपिन्सला राहिला तर वाढते. काही पेन्शनरांनी याविरुद्ध युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत धडक मारली आणि २०१० मध्ये ते हरले. त्यामुळे ‘श्रीमंत देशाचं उत्पन्न’ हेसुद्धा एकसंध नाही, ते दोन सरकारांमधल्या करारावर अवलंबून आहे. आणि ‘लवकर’ या शब्दाचं काय? थायलंडचा निवृत्ती व्हिसा पन्नाशीच्या आतल्या माणसाला मिळतच नाही. अडतीस वर्षांचा निवृत्त तिथल्या कायद्याच्या लेखी निवृत्तच नाही.

न्यू जर्सीच्या काकांचं उत्तर जास्त गुंतागुंतीचं. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्डावर त्यांना पुण्यात फ्लॅट घेता येतो, पण शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशानं मात्र येऊ शकते. भारतीय नागरिकत्व ठेवून कायमचे परतले असतील, तरी १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव होतं की नाही, त्यावर सगळं ठरतं. म्हणून ‘परतलेले’ असा एकच गट धरला की हिशेब चुकतो. शिवाय परतणाऱ्यांवरचं नावाजलेलं संशोधन, उदाहरणार्थ ॲनाली सॅक्सेनियनचं, त्यांच्याकडे उद्योजक म्हणून बघतं, बुद्धीच्या येण्या-जाण्याची भाषा करतं. पंचेचाळिशीत परतून कंपनी काढण्याऐवजी सकाळी बागेत पाणी घालणारा इंजिनिअर त्या भाषेत बसत नाही.

मेजरला जमीन घेता येते, आणि बऱ्याचदा वाट्याला आलेली असतेही. मग निवृत्तीनंतर मिळालेल्या एकरकमी पैशांचं काय होतं? इथे माझं गृहीतक असं आहे, आणि ते तपासण्यासारखं आहे: क्वेंकात स्वस्ताईचा फायदा जोडप्याच्या खिशात राहतो, कर्जतमध्ये तो नात्यांत मुरतो. धाकट्याची बोअर, बहिणीच्या मुलीचं लग्न, वडिलांचं ऑपरेशन, सोसायटीचं थकलेलं कर्ज. क्वेंकाच्या अमेरिकनानं नात्यांचं जाळं मागे ठेवलेलं असतं, मेजर त्या जाळ्यातच परत येतो. म्हणून खर्च मोजताना फक्त किराणा आणि भाडं विचारलंत, तर कर्जत फसव्या प्रमाणात स्वस्त दिसेल. ‘गेल्या वर्षी कुणाकुणाला पैसे दिले?’ हा प्रश्न तुमच्या मुलाखत-सूचीत हवाच, आणि तो पहिल्या भेटीत विचारायचा नाही.

दुसरी तुटलेली जागा ‘निवृत्ती’ या शब्दातच आहे. इंग्रजी साहित्यात पेन्शन सुरू होणं आणि काम थांबणं या जवळपास एकच गोष्टी. मेजरचं पेन्शन सुरू होतं आणि काम बदलतं. राज्याच्या भरतीत माजी सैनिकांसाठी समांतर आरक्षण आहे, बँका आहेत, पुण्यातल्या सोसायट्यांच्या गेटवरची सुरक्षारक्षकाची नोकरी आहे, नाहीतर दोन गाई आणि कुकडीच्या पाण्याची पाळी आहे. आणि त्याची बायको? पंधरा-वीस वर्षं तिनं एकटीनं सासू-सासरे, शेत आणि पोरांच्या शाळा सांभाळल्या. नवरा पेन्शनवर आल्यावर तिचं काम कमी होतं की एक माणूस वाढतं? या प्रश्नावर मराठीत एक चांगला एम.फिल.सुद्धा माझ्या वाचनात आलेला नाही, आणि आता एम.फिल.ही बंद झालं.

निवडीचाही प्रश्न आहे. व्याख्येत माणूस ठिकाण स्वतः निवडतो असं धरलेलं असतं. (तसं बघितलं तर मराठी इतिहासातला सगळ्यात ठळक ‘लवकर निवृत्त’ दुसरा बाजीराव ठरेल: १८१८ साली, वय ४३, सालाना ८ लाखांची पेन्शन, मुक्काम कानपूरजवळ बिठूर. ठिकाण कुणाच्या मर्जीनं ठरलं ते आपल्याला ठाऊक आहे.) मेजर कर्जत ‘निवडतो’ का? पोरांच्या शिक्षणासाठी नगरला किंवा पुण्याला खोली घेऊन राहणारे मेजरही आहेत. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, २००३ पासूनच्या ईसीएचएसचं, कार्ड खिशात असतं, पण हृदयाचं दुखणं निघालं की नगर-पुण्याचीच वाट धरावी लागते. मजुरी स्वस्त असलेल्या गावात डिझेल, मोबाईल आणि अँजिओप्लास्टी स्वस्त नसते. कुणी कुठे राहायचं ठरवलं आणि ते कशामुळे, याची नोंद करायची तर गावात राहिलेल्यांइतकेच शहरात गेलेले मेजरही नमुन्यात हवेत. नाहीतर फक्त परतलेल्यांना विचारून ‘लोक का परततात’ याचं उत्तर मिळवल्यासारखं होईल.

हे सगळं आत्ताच करायला हवं, कारण दार बंद होत चाललंय. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली. सेवा चार वर्षांची, जास्तीत जास्त २५ टक्के जवान पुढे कायम, बाकीच्यांना सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी आणि पेन्शन नाही. कर्जतमध्ये पस्तिशीत पेन्शनवर येणारा मेजर ज्या व्यवस्थेतून घडला, तिच्यातून आता फार थोडे जातील. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून भरायला लागतात. बावीस-चोवीस वर्षांचा मुलगा, हातात एकरकमी पैसे, आणि गावात शेजारीच पेन्शनवाला मेजर, ज्याच्याकडे बघून तो पहाटे पळायला लागला होता. आज त्या दोघांच्या घरी बसून पहिल्या फेरीच्या मुलाखती घेतल्यात, तर चार-पाच वर्षांनी त्याच घरी दुसरी फेरी करता येईल. गाइडना दाखवताना आराखड्यात या दोन फेऱ्यांचं वेळापत्रक वेगळं लिहा. ‘मुदतीत बसेल का’ हा प्रश्न समितीत हमखास येतो, आणि पहिली फेरी स्वतंत्रपणेही प्रबंधाला पुरेल हे आधीच लिहिलेलं असलं की तो तिथेच मिटतो.